भतेरीच्या शेतातली पाहुणी टिटवी

टिटवी बघायला साताऱ्याहून दिल्लीला गेलो होतो असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग सहानुभूतीनं माझ्या बायकोकडे. त्यांचंही चूक नाही. टिटवी ही काय मुद्दाम बघायला जायची गोष्ट आहे? आपल्याकडे कुठल्याही ओढ्याकाठी गेलात तर ओरडत तुमच्या डोक्यावरून जाते, आणि तिचं ओरडणं कुणाला फारसं आवडतही नाही.

पण ही टिटवी वेगळी. ती उन्हाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ माळांवर असते आणि थंडीत हजारो मैल उडून आपल्या उत्तरेकडच्या कोरड्या रानांत उतरते. जगात आता थोड्याच उरल्या आहेत. पाणपक्ष्यांच्या कुळातली असून पाण्यापेक्षा नांगरलेलं रान तिला जास्त आवडतं. इंग्रजीत तिच्या नावाचा अर्थ 'मिळूनमिसळून राहणारी' असा आहे. मराठी नाव मला सापडलं नाही, म्हणून मी आपली पाहुणी टिटवी म्हणतो.

सातारच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी पस्तीस वर्षं सहायक होतो. पक्ष्यांचा नाद तिथलाच. दिल्लीचे कुलकर्णी भिगवणला रोहित पक्षी बघताना भेटले आणि मग मैत्री टिकली. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात आहेत आणि दर रविवारी दुर्बीण घेऊन बाहेर पडतात. जानेवारीत त्यांचा निरोप आला, 'नजफगढच्या नाल्यापलीकडे एका पडीक रानात एकच दिसली आहे. यायचं तर लगेच या.' मी आलो. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

गुरुवार, द्वारका

उतरलो तो थेट अक्काकडे. अक्का माझी मोठी बहीण. दाजी फौजेत सुभेदार होते, त्यामुळे तिचा निम्मा संसार अंबाला, हिस्सार, फिरोजपूर अशा छावण्यांत झाला. ते गेल्यापासून ती द्वारकेला मुलाकडे, समीरकडे असते. समीर नोएडाला नोकरीला आहे, सकाळी आठला मेट्रो पकडतो.

फ्लॅट सातव्या मजल्यावर. दर पाच मिनिटांनी खिडकीवरून विमान उतरायचं आणि कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. घरात कुणाचं तिकडे लक्षही जात नव्हतं. अक्कानं माझ्यासाठी ज्वारीचं पीठ मुद्दाम मागवून भाकरी केल्या होत्या. मी कशासाठी आलो हे ऐकल्यावर ती तव्यासमोरून वळली.

"टिटवी ओरडली की आई दार लावून घ्यायची," ती म्हणाली. "आणि तू तिच्यासाठी दिल्ली गाठलीस."

समीरची मुलगी अन्वी आठ वर्षांची. तिनं विचारलं, टिटवी म्हणजे टिटहरी का? हो म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. मराठी शब्द असे हिंदीतून पडताळून घ्यायची तिला सवय आहे.

जेवणानंतर प्रियांका, म्हणजे समीरची बायको, मला बाल्कनीत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, की आई चौदा महिन्यांत सोसायटीच्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. मागच्या हिवाळ्याआधी अक्का मेट्रोच्या जिन्यावर पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं, एवढं मला माहीत होतं. हाड कधीच जुळलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. पण लिफ्टनं खाली उतरून ती फाटकापर्यंत जाते, रस्त्याकडे बघते आणि परत फिरते. फोनवर मला दर वेळी सांगायची, "बिल्कुल ठीक आहे." मी विश्वास ठेवत होतो, कारण ते सोपं होतं.

शुक्रवार, नाल्याचा काठ

पहाटे कुलकर्णी न्यायला आले. गाडी गुरमीतसिंगांची होती. बँकेतून निवृत्त झालेले हे सरदारजी पक्ष्यांपेक्षा पक्षी बघणाऱ्यांवर जास्त प्रेम करतात. गाडीत थर्मास, पराठे, मुळ्याचं लोणचं आणि चार ब्लँकेटं होती. चौथ्या होत्या नफीसा मॅडम, शाळेत भूगोल शिकवतात. कझाकस्तानपासून हरयाणापर्यंतचा टिटवीचा रस्ता त्यांनी गाडीच्या धुकट काचेवर बोटानं काढून दाखवला.

धुकं असं, की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. आपल्याकडे महाबळेश्वरचं धुकं अंगावरून वाहत जातं. इथलं जागचं हलत नाही, दुधाच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटतं. पातेल्याबाहेर कुठेतरी राजहंस बोलत होते, सारसांची जोडी तुतारीसारखी ओरडली, पण दिसलं काहीच नाही. त्यातच मी नाल्याच्या कडेला पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. पाय निघाला, बूट राहिला. गुरमीतसिंगांनी बाह्या वर करून तो बाहेर काढला आणि नवजात बाळासारखा दोन्ही हातांवर ठेवून मला दिला.

अकराच्या सुमाराला धुकं उठलं. समोर पिवळीधमक मोहरी, हिरवा गहू, आणि मधे ते पडीक रान. आम्ही बांधावर चढलो न चढलो तोच एक म्हातारी हातात काठी घेऊन आली. घागरा, डोक्यावर ओढणी, पायात मोठे काळे गमबूट. शेत तिचं होतं. आधीच्या रविवारी फोटोवाल्यांच्या तीन गाड्या आल्या होत्या. त्यांनी गहू तुडवला होता आणि पाण्याचा पाट फोडला होता. आता कुणालाच आत सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तिला शांत करावं म्हणून मी पुढे झालो आणि माझ्या हिंदीत म्हणालो, "माताजी, राग मत करो." ती थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. नफीसा मॅडमनी तोंडावर शाल धरली. नंतर कळलं की हिंदीत राग म्हणजे फक्त गाण्यातला. मी तिला गाऊ नका अशी विनंती केली होती.

म्हातारी पुढे बरंच बोलली. त्यातलं मला एवढंच समजलं की उद्या दुपारी ट्रॅक्टर येणार आणि ते रान नांगरणार. आम्ही माघारी आलो. रविवारी माझी परतीची गाडी होती. म्हणजे फक्त शनिवारची सकाळ हातात होती, आणि तीही शेताबाहेर उभं राहून.

संध्याकाळी चहा पिताना अक्कानं म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगायला लावले. मला आठवले तेवढे सांगितले. ती हसली. हिस्सारला सहा वर्षं शेजारणींशी हीच बोली बोलली होती ती.

"तिनं तुम्हाला हाकललं नाही," अक्का म्हणाली. "बाईमाणूस बरोबर असतं तर बसा म्हटलं असतं, असं म्हणाली ती."

नफीसा मॅडम होत्या की, मी म्हणालो. पण त्या पँट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. अक्काच्या मते म्हातारीनं त्यांना बाईत धरलंच नसावं. मग मी म्हटलं, "तू येतेस?"

ती उठली आणि कप धुवायला गेली. समीरनं मला खुणेनं गप्प बसायला सांगितलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

शनिवार, भतेरीचं शेत

पहाटे साडेपाचला मी आवरून बाहेर आलो तर अक्का सोफ्यावर बसलेली. नऊवारीऐवजी पाचवारी, त्यावर दाजींचा फौजेतला हिरवा स्वेटर, पायात प्रियांकाचे कॅनव्हासचे बूट. मांडीवर एक डबा. फाटकापाशी ती थांबली. पहारेकऱ्यानं सवयीनं तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर दोन दिवस तिथे वळ होता, आणि आम्ही गुरमीतसिंगांच्या गाडीपर्यंत चालत गेलो. त्यांनी तिला पुढची जागा दिली आणि गुडघ्यांवर दोन ब्लँकेटं घातली.

गाडी यावेळी पक्क्या रस्त्यावरच ठेवली. तिथून म्हातारीच्या विहिरीवरची खोली दोनेकशे पावलं, अरुंद बांधावरून, दोन्हीकडे ओला गहू. गुरमीतसिंगांनी दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं मिटवून काठीसारखं अक्काच्या हातात दिलं. मी पुढे, ती मागे. मधे एकदा तिचा पाय घसरला. मी वळलो तर म्हणाली, "तू पुढं बघ." मी पुढं बघून चाललो, पण ती दोनशे पावलं मला साताऱ्याहून दिल्लीपेक्षा लांब वाटली.

म्हातारी चुलीपाशी होती. अक्कानं तिला तिच्या बोलीत राम राम केला आणि सांगितलं, की काल माझ्या भावाला बोलता आलं नाही, म्हणून मी आले. म्हातारीनं तिच्या पायांकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि खाटेवरची गोधडी सारखी केली.

"बैठ ज्या, बेबे."

बेबे म्हणजे बहीण. पुढचा तासभर आम्हाला कुणी विचारलंच नाही. आम्ही चौघे जमिनीवर पोत्यावर बसलो आणि त्या दोघी बोलत राहिल्या. खुबा, सुना, गुडघे, म्हशीचं दूध. चुलीवरून बाजरीची रोटी आली. आपल्या भाकरीहून जाड, वर लोण्याचा गोळा. बरोबर बथुव्याचं रायतं. एक घास खाल्ला आणि मी ओळखलं, हे तर आपलं चाकवत. अक्कानं डबा उघडून शेंगदाण्याची चटणी पुढे केली. म्हातारीनं ती चिमटीनं चाखली, डोळे मिटले, आणि मग सरळ मूठभर घेतली.

अक्कानं तिचं नाव विचारलं. भतेरी, ती म्हणाली. नाव माझ्या कानाला गोड वाटलं. कुलकर्ण्यांनी हळूच अर्थ सांगितला: भतेरी म्हणजे पुष्कळ झालं, पुरे. ही पाचवी मुलगी. आता मुली पुरेत म्हणून बापानं नावच तसं ठेवलं. भतेरीनं हे स्वतःही सांगितलं, रोटी थापता थापता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

अक्कानं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "माझं माहेरचं नाव नकुशा. म्हणजे नको असलेली."

आमच्या गावाकडे ही पद्धत होती. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला नकुशा म्हणायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो. अक्का तिसरी. तिच्यानंतर सहा वर्षांनी पुढचा झाला, तो मी. लग्नात दाजींनी तिचं नाव शोभा ठेवलं आणि त्यानंतर ते जुनं नाव घरात कुणी उच्चारलं नाही. दहा वर्षांचा असताना तिच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर मी ते वाचलं, तेव्हा त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला होता. दाखला तिसरीपर्यंतचाच होता, कारण मला सांभाळायला तिला शाळेतून काढलं होतं. तेव्हापासून पन्नास वर्षं मी या विषयाच्या कडेकडेनं चालत आलो. आणि आज ती एका परक्या बाईला, बाजरीची रोटी खाता खाता, ते नाव सांगत होती.

भतेरीनं पिठाचा हात ओढणीला पुसला आणि अक्काच्या गुडघ्यावर ठेवला. दोघी हसल्या. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. मी हातातल्या रायत्याच्या वाटीत बघत बसलो.

मग भतेरीनं आमच्याकडे वळून अटी सांगितल्या. बांध सोडायचा नाही. दोघा दोघांनी जायचं. ट्रॅक्टर येईपर्यंतच.

नऊ ते साडेदहा आम्ही आळीपाळीनं ते रान विंचरलं. साध्या टिटव्या दहा-बारा होत्या, चोचीपाशी लाल कातडी, पिवळे पाय. पलीकडे पाण्याच्या डबक्यात पांढऱ्या शेपटीच्या दोन. पाहुणीचा पत्ता नव्हता. कुलकर्ण्यांचा चेहरा उतरला. मला बोलावून घेतल्याचं ओझं त्यांच्यावर होतं. ते दोनदा म्हणाले, मंगळवारी इथेच होती हो. नफीसा मॅडमनी त्यांना पराठा दिला.

आमची फेरी संपवून मी खाटेपाशी परत आलो. तेवढ्यात भतेरीचा कुत्रा रानात घुसला आणि सगळ्या टिटव्या ओरडत उठल्या. घिरट्या घालून पुन्हा खाली बसल्या. अक्का तिकडेच बघत होती, साध्या डोळ्यांनी.

"त्यांच्यातली एक ओरडली नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, कुठली. तिनं बोटानं दाखवलं. "ती कडेची. सगळ्यांबरोबर उठली, सगळ्यांबरोबर बसली, पण तोंड उघडलं नाही. पंखही निराळे, मागच्या बाजूला पांढरे."

मी दुर्बीण लावली. आधी नुसती ढेकळं दिसली. मग एक ढेकूळ चाललं. मातकट अंग, काळे पाय, डोक्यावर गडद टोपी, आणि दोन्ही डोळ्यांवरून मागे गेलेल्या पांढऱ्या भुवया मानेवर एकमेकींना मिळालेल्या. दीड तास आम्ही तिच्यावरून नजर फिरवत होतो. चार पावलं धावायची, थांबायची, वाकायची, पुन्हा चार पावलं. डोक्यावरून एक विमान चाकं काढून उतरत होतं, तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

मी बाकीच्यांना हातानं बोलावलं. कुलकर्ण्यांनी तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, बाजूला झाले आणि कानटोपी काढून हातात धरून उभे राहिले. नफीसा मॅडमनी वर्गातल्या मुलांसाठी वहीत चित्र काढायला घेतलं. गुरमीतसिंगांनी आपली पाळी सोडून आधी भतेरीला बोलावलं. ती वाकली, एक डोळा मिटायचं तिला जमेना, तर अक्कानं हातानं तिचा डोळा झाकला. भतेरी बघून म्हणाली, ही दरवर्षी येते, आम्हाला काय माहीत परदेशी आहे म्हणून.

सर्वांत शेवटी अक्का बसली. ती किती वेळ बघत होती सांगता येत नाही. आमच्यातल्या कुणी तिला घाई केली नाही.

साडेअकराला ट्रॅक्टरचा आवाज आला. ठरल्यापेक्षा लवकर. आमचे चेहरे बघून भतेरीला काय झालं ते समजेना. अक्कानं सांगितलं, नांगर लागला की पाखरू जाईल म्हणून ही माणसं खट्टू झाली आहेत. भतेरीनं कपाळाला हात लावला.

"टटीरी तो टरैक्टर की गैल चाल्लै सै," ती म्हणाली. टिटवी तर ट्रॅक्टरच्या मागोमाग चालते.

आणि तसंच झालं. नांगराचं पहिलं तास पडलं, सगळ्या टिटव्या उडाल्या, पाहुणीही उडाली. ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला वळला तशी ती परत आली आणि ताज्या काळ्या मातीत उतरली. नांगरानं वर आणलेले किडे टिपत ती तासाच्या बरोबर मधून, ट्रॅक्टरच्या मागे वीस पावलांवर, चालू लागली. दुर्बीण लागत नव्हती इतकी जवळून गेली. पुस्तकं वाचून आलेल्या आम्हा चौघांपेक्षा भतेरीला तिची सवय जास्त ठाऊक होती.

निघताना कुलकर्ण्यांनी वही काढली. दुर्मीळ पक्षी दिसला की प्रथम कोणाला दिसला हे ते टिपून ठेवतात. त्यांनी अदबीनं अक्काला पूर्ण नाव विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. "शोभा जाधव," ती म्हणाली. "आणि शेत भतेरीचं, तेही लिहा." बांधावरून परतताना ती पुढे होती, मी मागे.

साताऱ्याला परतल्यावर

घरी आल्यावर आठ दिवसांत हे लिहायला घेतलं आणि नकुशा या शब्दापाशी अडकलो. ते तिनं भतेरीला सांगितलं होतं, वहीत लिहायला नाही. मग मी दिल्लीला फोन लावला. प्रियांकानं घेतला. आई फाटकाबाहेरच्या बागेत गेल्या आहेत, म्हणाली, चार वाजता रोजच जातात हल्ली, आणि येत्या रविवारी गुरमीत अंकल त्यांना भतेरीकडे नेणार आहेत.

अर्ध्या तासानं अक्काचा फोन आला. मी नाव लिहू का विचारलं. लिही, ती म्हणाली. मग इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, तुझं नाव तसं ठेवलं आणि मग मी झालो, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. त्या दिवशी चुलीपाशी मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

मागे एक विमान गेलं, ते तिनं जाऊ दिलं.

"तू झालास तेव्हा मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, नाव लागू पडलं. मला वाटलं, म्हणजे याला मीच आणला. गावभर सांगत हिंडले होते मी, हा माझ्यामुळं आलाय म्हणून."

मग म्हणाली, खाली भाजीवाला आलाय, ठेवते.